तीन दगड, एक मेहुणा

मी, कोपऱ्यावरच्या कटिंग सलूनचा मालक, वय वर्षे एकाहत्तर, धंदा वस्तऱ्याचा, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्या मर्जीनं लिहून ठेवत आहे. माझ्यावर कुणी दबाव आणलेला नाही. मी नशापाणी केलेलं नाही. डॉक्टरांनी परवाच मला तपासलं आणि हृदय, फुप्फुसं, डोकं सगळं जागच्या जागी असल्याचा दाखला दिला. डोक्याबद्दल माझ्या मुलीला अजून शंका आहे, कारण येत्या गुरुवारी माझं लग्न आहे.

म्हणजे मी मरायला टेकलेलो नाही, हे आधीच स्पष्ट करतो. उलट इतका बरा मी कित्येक वर्षांत नव्हतो. काल एका गिऱ्हाइकाला साबण लावताना मी शीळ घालत होतो आणि ब्रश सरळ त्याच्या कानात गेला. मृत्युपत्राची कल्पना मुलीची. ती म्हणाली, "बाबा, लग्न खुशाल करा. पण आधी कागद करा. उद्या माझी आणि तुमच्या नव्या बायकोची कपाटावरून भांडणं नकोत."

वकिलांनी एका पानाचा मसुदा करून दिला होता. चांगला होता, पण त्यात कुणाचंही नाव घातलं असतं तरी चाललं असतं. म्हणून तो बाजूला ठेवला आणि हा लिहायला घेतला. आज सोमवार, दुकान बंद. मी पहिल्या खुर्चीत बसून फळीवर कागद ठेवून लिहितोय. वकील गिऱ्हाइकांच्या बाकावर बसलेत. त्यांच्याजवळ पलीकडच्या दुकानातले घड्याळजी, म्हणजे साक्षीदार पहिले. साक्षीदार दुसरे माझे मेहुणे. ते दुसऱ्या खुर्चीत माझ्याकडे पाठ करून बसलेत आणि जो वस्तरा आधीच परजून झालाय तोच पुन्हा पट्ट्यावर परजताहेत. त्यांची बॅग दाराशी भरून तयार आहे. सही करायची, संध्याकाळची बस पकडायची आणि मावसभावाच्या गावी त्याच्या सलूनमध्ये कायमचं निघून जायचं, असा त्यांचा बेत आहे. म्हणून मी प्रत्येक कलम लिहिता लिहिता मोठ्यानं वाचतोय. त्यांच्या कानावर पडावं, एवढाच हेतू. वकिलांना वाटतंय मला कमी दिसतं.

कलम एक. वरच्या दोन खोल्या माझ्या मागे मुलीच्या. मात्र माझी होणारी बायको हयात आहे तोवर ती तिथं राहील आणि तिला कुणी "कधी जाणार" असं विचारणार नाही. कपाट मुलीला आजच दिलं. तिनं उद्या हमाल आणून ते न्यावं, म्हणजे निदान त्या विषयावर पडदा पडेल. पडद्यांचा विषय पुढे येईलच.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते बायको आणि मुलीनं सारखं वाटून घ्यावं. वाटणीला फार वेळ लागणार नाही.

कलम तीन. दुकानाच्या भिंतीला भिंत लावून ज्याची बेकरी आहे त्या बेकरीवाल्याला मी काहीही देत नाही. त्याचं दार रोज सकाळी असं धाडकन आपटतं की माझ्या खुर्चीतला माणूस गळ्यावर वस्तरा असताना दचकतो. मी सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं, एकदा तर अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक पुरावा म्हणून त्याच्यापुढे नेऊन उभं केलं. त्यानं त्याला पाव दिला. हे मी विसरलेलो नाही आणि मेल्यावरही विसरणार नाही, म्हणून ते इथं नोंदवून ठेवतो.

वकील म्हणतात, न देण्याचं कलम लागत नाही, नाव घातलं नाही की झालं. मला लागतं.

कलम चार. आता खऱ्या इस्टेटीकडे येतो. माझ्याकडे एक दगड आहे.

वकिलांनी विचारलं, "दगड म्हणजे जमीन का?" नाही. दगड म्हणजे धारेचा दगड. हल्ली सगळीकडे पातं बदलायचे वस्तरे आले. आम्ही दोघं मात्र अजून जुन्या अखंड वस्तऱ्यानंच दाढी करतो आणि त्याला दगडावर धार लावावी लागते. दगड वापरून वापरून झिजतो, तोही सगळीकडे सारखा झिजत नाही. आणि दगड सपाट नसला की वस्तऱ्याची धार सरळ राहत नाही, तुम्ही कितीही मन लावून घासा. म्हणून दर सोमवारी दगडच घासून सपाट करायचा. त्यावर पेन्सिलीनं आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, पाणी आणि बारीक वाळू टाकायची आणि दुसऱ्या दगडावर फिरवत राहायचं. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला, असं समजायचं. आम्ही तसंच समजत होतो.

माझा एक दगड, मेहुण्यांचा एक. सोमवारी आम्ही समोरासमोर बसायचो आणि एकमेकांवर घासायचो. झालं की मेहुणे वरचा दगड उचलायचे, तो खालच्याला चिकटून दोन्ही वर यायचे. "बघा दाजी, केस शिरायला जागा नाही!" मी म्हणायचो, "वा!" मग मी उचलायचो आणि ते "वा!" म्हणायचे. गिऱ्हाइकांनाही आम्ही हा खेळ दाखवायचो. एकजण तर दर महिन्याला पाहुण्यांना घेऊन यायचा.

दरम्यान दुकानात एक चमत्कार झाला होता. गालफडं बसलेले लोक मेहुण्यांकडेच जायचे आणि हनुवटी पुढे आलेले माझ्याकडेच यायचे. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही म्हणायचो, ज्याच्या त्याच्या हाताचा गुण. मेहुण्यांच्या गुणाबद्दल मी लोकांना सांगायचो, माझ्याबद्दल ते सांगायचे. फार आनंदात दिवस चालले होते.

मग चष्मेवाली आली. मागच्या गल्लीत चष्म्याच्या काचा घासायचा कारखाना आहे, तिथं ती कारागीर. आपल्या वडिलांचा वस्तरा धार लावायला घेऊन आली. काल तोच वस्तरा घेऊन गेलेली बाई आज परत दारात उभी, म्हटल्यावर मी ओळखलं की कौतुक करायला आलेली नाही.

"कोणत्या शहाण्यानं धार लावली ही? दोन्ही टोकांना आहे, मधे नाहीच!"

"मी लावली," मी म्हणालो.

मेहुणे लगेच माझ्या बाजूनं उभे राहिले. "शक्य नाही, बाई. आमचे दगड एकमेकांशी जुळवलेले आहेत." आणि त्यांनी दगड उचलून खेळ दाखवला. मी सवयीनं "वा!" म्हणालो.

बाईंनी पर्समधून पोलादी पट्टी काढली. काचा घासणाऱ्या बाईच्या पर्समध्ये काय काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. पट्टी माझ्या दगडावर उभी धरली आणि दगड खिडकीकडे केला. पट्टीखालून, बरोबर मधोमध, ऊन आरपार दिसत होतं. मग मेहुण्यांच्या दगडावर ठेवली, तर ती दोन्हीकडे डुलायला लागली. बाई हसायला लागली. इतकी हसली की तिला बसावं लागलं आणि रिकामी होती ती माझी खुर्ची.

"अहो दाढीवाले, हे तर भिंग झालंय! एक खोलगट, एक फुगलेला. आमच्याकडे हे मुद्दाम करतात आणि वर लोकांकडून पैसे घेतात!"

"पण ते जुळतात ना," मेहुणे म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"जुळणारच. दोनच दगड घासले की एक खड्डा होतो, दुसरा त्याच खड्ड्याचा उंचवटा होतो आणि दोघं एकमेकांना 'बरोबर, बरोबर' म्हणत बसतात. तीन लागतात. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर, आळीपाळीनं. तिघं एकमेकांशी जुळायचे तर तिघांनाही सपाट व्हावंच लागतं. तुमचा तिसरा कुठाय?"

तोवर मी, ती खुर्चीत बसली होती म्हणून, सवयीनं तिच्या गळ्याभोवती फडकं बांधलं होतं. माझं लग्न तिथंच ठरलं. तिला ते पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं.

पण तिच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही दोघांनीही दिलं नाही. तिसरा दगड होता. माझ्या पहिल्या बायकोचा, म्हणजे या मेहुण्यांच्या थोरल्या बहिणीचा. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांसाठी तिनं तो घेतला होता. सोमवारी आम्ही घासायला बसलो की ती तो घेऊन खाली यायची, "सरका" म्हणायची आणि आधी माझ्या दगडावर, मग भावाच्या दगडावर घासून वर निघून जायची. आम्हाला वाटायचं, ही आपली सुऱ्यांची सोय बघतेय. ती असेपर्यंत आमचे दगड का सपाट होते, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. ती गेल्यावर मेहुण्यांनी तो दगड तिच्या ओढणीत गुंडाळून आपल्या ट्रंकेत ठेवला. मी मागितला नाही, त्यांनी काढला नाही. मी तिच्यावर फार प्रेम केलं. हे मी नव्या बायकोलाही सांगितलंय आणि ती म्हणाली, "केलंच पाहिजे, नाहीतर मला तरी कसं जमलं असतं तुमच्याशी?"

तिसऱ्या दगडाऐवजी चष्मेवालीनं कारखान्यातून एक जाड सपाट काच आणली. पुढचे कित्येक सोमवार आम्ही तिघं खाली बसून घासत होतो. मी, मेहुणे आणि ती, कोपरापर्यंत पांढऱ्या चिखलानं माखलेले, आणि हसून हसून पोटं दुखलेली. मेहुणेसुद्धा हसायचे, हे त्यांनी पाठ केली असली तरी नाकारू नये. दगड सपाट झाले आणि दुकानात एकच गोंधळ. आमच्या दोघांचे हात वाकड्या धारेला सरावलेले. सरळ धारेनं दाढी करायला आम्ही नव्यानं शिकलो, एकमेकांच्या गालांवर. गालफडं बसलेले लोक आता माझ्याकडेही यायला लागले. हाताचा गुण वगैरे काही नव्हतं. भिंग होतं.

मग मी लग्नाचं बोललो आणि मेहुण्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. तेव्हापासून ते गिऱ्हाइकामार्फत बोलतात. तोंडभर साबण लावलेल्या माणसाला म्हणतात, "त्यांना सांगा, तुरटी संपली." तो बिचारा बोलायला जातो तर फेस तोंडात. फक्त एकदाच ते सरळ माझ्याशी बोलले, ते इथं जसंच्या तसं लिहितो.

"ताईचा राग नाही मला, दाजी. ती असती तर तिनंच म्हटलं असतं, करा. पण आता तुमची बायको दुसरी. तिचे कोण असतील ते तुमचे मेहुणे. मग या घरात मी कोण?"

 त्याचं उत्तर आज कायद्याच्या भाषेत देतोय.

कलम पाच. माझा दगड माझ्या होणाऱ्या बायकोला. दुकान, दोन्ही खुर्च्या, मोठा आरसा, सगळे वस्तरे आणि मागची खोली, जिथं ते राहतात, हे सगळं माझ्या मेहुण्यांना. त्यांचा दगड त्यांचाच आहे. तिसरा दगड माझा नाही, त्यामुळे तो मी कुणाला देऊ शकत नाही, फक्त त्याची आठवण करून देऊ शकतो. अट एकच. सोमवारी दगड घासले जावेत आणि कुणीही दोनच दगड घेऊन बसू नये. माझ्या मागे तिसरा हात माझ्या मुलीचा. तिला सवड नसते, हे मला माहीत आहे. तिनं काढावी.

ही अट लहर म्हणून घातलेली नाही. पुरावा देतो. लग्न ठरल्यापासून मी जे म्हणतो त्याला चष्मेवाली "हो" म्हणते आणि ती म्हणते त्याला मी. गेल्या आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून वरच्या खोल्यांना पडदे आणले. मला ते सुंदर वाटले, तिला ते सुंदर वाटले. मुलीनं दारातूनच पाहिलं आणि डोक्याला हात लावला. पोपटी आहेत आणि त्यांवर मोठाले जांभळे मासे आहेत. आम्ही दोघंच राहिलो तर वर्षभरात एक खड्डा आणि एक उंचवटा होऊन बसू आणि स्वतःवर खूश राहू. तोंडावर "दाजी, हे वाईट दिसतंय" असं म्हणणारा माणूस घरात हवा. मेहुणे, मला तुमच्याशिवाय करमणार नाही. हे कलम नाही, हे नुसतंच लिहिलंय.

कलम सहा. मेहुण्यांनी वरील काही स्वीकारलं नाही, तर त्या क्षणापासून माझा दगड आणि ती काच ही दोन्ही बेकरीवाल्याला द्यावीत. दाराला अडकण म्हणून लावायला. त्याचं काम फुकटात होईल आणि मी धडधड जळेन, हे मला मान्य आहे.

एवढं वाचून झाल्यावर वकिलांनी घसा साफ केला. "एक अडचण आहे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं साक्षीदार म्हणून सही करू नये. केली तर त्याचं मिळणं अडचणीत येतं. तेव्हा हे गृहस्थ एक तर घेतील, नाही तर सही करतील."

मेहुणे उठले. खुर्ची गरकन फिरली. ते वकिलांना म्हणाले, "त्यांना सांगा, मला काही नको. मी सही करतो." आणि माझ्या हातातलं पेन घेतलं.

इथं लिहिणं काही वेळ थांबलं होतं. मधे काय झालं ते पुढच्या कलमात.

कलम सात, खाडाखोडीचा खुलासा. मेहुण्यांनी साक्षीदाराच्या जागी सही करायला सुरुवात केली. अर्धी झाली असेल, तेवढ्यात चष्मेवाली आत आली. सोमवार असल्यानं ती दगड घासायला आली होती. हातात पाण्याची बादली आणि फडकी, काच नाही.

"काच पडली," ती म्हणाली. "तीन तुकडे."

मेहुण्यांचं पेन थांबलं. "पडली? मग आज तिसरा काय?"

"तिसरा नाही. आज दोनच घासू."

"दोनच?" मेहुणे एकदम तिच्यावर ओरडले. "बाई, शुद्धीत आहात का? दोनच घासणार? पुन्हा भिंग करून ठेवणार? इतके सोमवार मी काय झक मारायला घासत होतो?"

"मग काय करू? दुसरं काही आहे का तुमच्याकडे?"

मेहुणे पेन ठेवून वळले. मग दाराशी गेले, बॅग उघडली, सदरे बाजूला केले आणि ओढणीत गुंडाळलेला दगड काढून आणून या कागदावर ठेवला. पान दुसरं, वरचा कोपरा, तिथं जो ओरखडा दिसतो तो त्याचा आहे, कुणी फेरफार केलेला नाही. तिची ओढणी तशीच होती, निळी. आम्ही तिघंही थोडा वेळ रडलो. वकील छताकडे बघत होते. काच खरंच पडली की पाडली, हे मी अजून विचारलेलं नाही आणि लग्न होईपर्यंत विचारणार नाही.

मग मेहुण्यांनी पेन उचललं आणि स्वतःची अर्धी सही स्वतःच खोडली. वकिलांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही घेताय?"

"घेतोय. पण त्या पडद्यांचं आधी काहीतरी करा. बघवत नाहीत."

दगड पाण्यात घालताना त्यांनी चष्मेवालीला विचारलं, "गुरुवारी तुमच्या बाजूनं कोण कोण आहे?"

"माझ्या बाजूनं?" ती म्हणाली. "कुणी नाही हो. भाऊ नाही, बहीण नाही. कारखान्यातल्या दोन बायका येतील, त्याही जेवणाच्या सुट्टीत."

मेहुणे पेन्सिल घेऊन खाली बसले. दगडावर रेघा मारत राहिले. तिन्ही दगडांवर मारून झाल्या. मग ते किती तरी दिवसांनी सरळ माझ्याकडे वळून बोलले, मधे कुणी गिऱ्हाईक न घालता.

"दाजी, गुरुवारी मी तुमच्याकडून नाही येणार. यांच्याकडून येतो. भावाच्या जागी कुणीतरी लागेल ना."

मी "बरं" म्हणालो. 

कलम आठ. साक्षीदार एक कमी पडल्यामुळे घड्याळजी बाहेर जाऊन जो पहिला मोकळा माणूस दिसला त्याला घेऊन आले. तो बेकरीवाला होता. येताना त्याचं दार आपटलंच. त्यानं कलम तीन स्वतः वाचलं आणि म्हणाला, "एवढंच ना? दाराला चामडं लावतो की." इतकी वर्षं हे त्याला का सुचलं नाही, याचा खुलासा त्यानं केला नाही. मी त्याला माफ केलेलं नाही. मात्र साक्षीदार झाल्यामुळे कलम सहानुसार त्याला मिळू शकणारी अडकण आता त्याला घेता येत नाही, हे वकिलांनी त्याला समजावून सांगितलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. कागदावरचे पांढरे ठसे त्याच्या पिठाचे आहेत.

हे मृत्युपत्र मी वाचलं, ऐकवलं आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी घेतो. आधीचं काही लिहिलेलं असेल तर ते रद्द. आता मला हात मोकळे करू द्या, खाली दोघं घासायला बसलेत आणि "सरका" असं मेहुणे मला म्हणताहेत.

लिहून ठेवणार : (सही) कोपऱ्यावरचा सलूनवाला

साक्षीदार पहिले : (सही) घड्याळजी

साक्षीदार दुसरे : (अर्धी सही, खोडलेली. खुलासा कलम सात.)

साक्षीदार दुसरे : (सही) बेकरीवाला

ठिकाण : दुकान, पहिली खुर्ची

दिनांक : लग्नाआधीचा सोमवार

हजर, साक्षीदार नव्हे : (सही) मेहुणे, नवरीकडचे